गिटारमधल्या अक्षता

मंडळी, आज फार थकल्यासारखं झालंय.

सत्तरच्या दशकात लग्नाच्या मांडवात वाजवून झिजलेली माझी पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार आज विकली. बोटांनी आता तारा दबत नाहीत.

घेणारा म्हणाला, "काका, आत काहीतरी खुळखुळतंय."

उलटी धरून हलवली, तर वरच्या फटींतून अक्षता गळल्या. तेव्हा 'सावधान' झालं की आम्ही वाजवायला लागायचो आणि निम्म्या अक्षता आमच्यावरच पडायच्या. तांदूळ वाईकडच्या लग्नांतले, ज्वारी जतकडच्या.

बायको म्हणाली, "आवं, ह्यात आपल्या लग्नातल्या कुठल्या?"

आमच्या लग्नात मी बोहल्यावर होतो, तेव्हा भावानं हीच वाजवली होती.

गिटार गेली. ही मात्र ताट घेऊन अजून दाणे निवडतेय. थांब म्हणू का तिला?