मशिदीमागचं घर

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वर्ध्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत एक तरुण पाळक आले. पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हा सात-आठ मुलामुलींना थांबवून घेतलं आणि म्हणाले, "ज्यांच्या शेजारी राहता, त्यांचा धर्म व्हॉट्सॲपवरून शिकू नका. त्यांच्या घरी जाऊन शिका." मग एका मशिदीच्या मौलानांशी बोलून त्यांनी ठरवून टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिकडे जायचं, आणि पुढे तिकडची मुलं आमच्या चर्चमध्ये येतील.

आमच्यातली मुलं मौलानांसोबत मशिदीत बसायची. आम्ही तिघी मुली मशिदीच्या मागे, त्यांच्या घरी. तिथं आम्हाला शिकवायला मौलानांची बायको होती. आम्ही त्यांना खाला म्हणायला लागलो. मौलाना बाहेरगावचे, हिंदीच बोलायचे. खाला मात्र समुद्रपूरकडच्या खेड्यातल्या, आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलणाऱ्या. शिकवतात असं त्यांचं शिकवणं नव्हतंच. भाजी निवडता निवडता त्या सांगायच्या, मधेच आम्हालाच विचारायच्या.

त्यांनी मरियमची गोष्ट सांगितली तो दिवस मला लख्ख आठवतो. आमची मरिया गव्हाणीजवळ, योसेफ सोबत. त्यांची मरियम मात्र एकटी, खजुराच्या झाडाखाली कळा देणारी. "यापेक्षा मरून गेली असती तं बरं, असं म्हणते थे," खाला म्हणाल्या. "मले थे लय आवडते. पाच लेकरं झाली मले. दर वेळी मी हेच म्हटलं."

आम्ही हसलो. मग त्यांनी मला विचारलं, "तुमी देवाले बाप म्हणता नं? मंग त्याच्यावर रुसता येते का?"

"येतं की," मी म्हटलं.

"आमाले नाई येत," त्या म्हणाल्या आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

चौथ्या भेटीत त्यांनी आम्हाला नमाजाआधी हात-तोंड धुतात ती वजू कशी करतात ते दाखवलं. अंगणातल्या नळाखाली हात, तोंड, मग बाह्या सरकवून कोपरापर्यंत हात. उजवी बाही वर सरकेना. हात सुजलेला होता. त्या हातात बांगड्याही नव्हत्या. बाकीच्या दोघी पाण्याशी खेळत होत्या. मी हळूच विचारलं, "खाला, हात कधीपासून असा आहे?"

त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, दार लोटलं आणि कुर्ता वर केला. छातीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. मी बोटांनी चाचपलं. खाली दगडासारखी गाठ. हे सगळं आम्हाला दोनच महिन्यांपूर्वी वर्गात कॅन्सरच्या धड्यात शिकवलं होतं, चित्रासकट.

"दुखतं का?"

"दुखत नाई. म्हणून तं कोणाले सांगितलं नाई."

"खाला, दवाखान्यात जावं लागेल. आजच मौलानांना सांगूया."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नाई. पोरीचं लग्न जमून राह्यलं. सासरच्याइले समजलं तं मोडन. आन मौलानाले सांगाले मले शरम वाटते. घे तुह्या येशूची कसम, कोणाले सांगणार नाई."

"आमच्यात शपथ घेत नाहीत, खाला. हो म्हटलं की हो."

"मंग हो म्हण."

मी हो म्हटलं. पण एका अटीवर. भेटीचा दिवस नसला तरी पुढच्याच शनिवारी मी सकाळी येईन आणि दोघी दवाखान्यात जाऊ, बाजाराला जातो म्हणून सांगून. त्यांनी मान डोलावली. "तू संगं असशीन तं येतो," त्या म्हणाल्या.

तो शनिवार आलाच नाही. आमच्यातल्या एकीनं त्या अंगणात आम्हा तिघींचा फोटो काढला होता, डोक्यावर ओढण्या घेतलेला. तो कुणीतरी पुढे पाठवला, आणि ख्रिस्ती मुलींना मुसलमान करताहेत म्हणून तो फिरायला लागला. दुसरीकडे पाळक मोहल्ल्यात बाटवाबाटवी करतात म्हणून बोंब उठली. चार माणसं मौलानांच्या दारात जाऊन ओरडून आली. मंडळीच्या पंचांनी भेटी बंद केल्या. पाळकांची बदली झाली. माझे बाबा कारंजाहून एसटीनं आले, होस्टेलच्या फाटकाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "तिकडं पुन्हा पाय ठेवशील तर शिक्षण बंद."

मी पाय ठेवला नाही. होस्टेलपासून मशीद ऑटोनं पंधरा मिनिटांवर होती. खालांकडे फोन नव्हता, पण मौलानांचा नंबर माझ्याजवळ होता. रोज वाटायचं, आज करू. मग वाटायचं, मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलंय. त्या शब्दाच्या आड मी लपले. दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. सोपी तेवढी पाळली. लग्न झालं की जातील त्या आपणहून, असं स्वतःला सांगत राहिले.

सात महिन्यांनी बायकांच्या वॉर्डात माझी ड्यूटी लागली. खिडकीजवळच्या खाटेवर खाला होत्या. मी आधी केस पेपरवरचं नाव ओळखलं, मग चेहरा.

"तू आली नाई," त्या म्हणाल्या. रागानं नाही. "मी तयार होऊन बसली होती. दोन-तीन शनिवार बसली."

"दुसऱ्या कुणाला घेऊन का नाही गेलात, खाला?"

"कोणाले दाखवू? तुलेच दाखवलं होतं."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. शेजारच्या खाटेवरच्या बायका बघायला लागल्या. खालांनीच मला गप्प केलं. पोरीचं लग्न चांगलं झालं, जावई सालस आहे, असं सांगत राहिल्या.

त्यानंतर त्या दोन महिने होत्या. मी रोज त्यांचं ड्रेसिंग करायचे. मौलाना दाराशी उभे राहून दुआ पुटपुटायचे. डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर झाला. एकदा मौलाना मला म्हणाले, "किसी को मालूम ही नहीं था, बेटा. मालूम होता तो..." आणि मी कापसाचा ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेले. होळीच्या आसपास खाला गेल्या. मी त्या दिवशी सुट्टीवर होते.

मौलानांना सगळं सांगायचं धाडस यायला मला वर्ष लागलं. परीक्षा झाल्यावर, बाबांना न विचारता, मी त्या घरी गेले. मौलानांनी अंगणात खुर्ची दिली. मी सांगितलं, सगळं, क्रमानं. गाठ, माझं हो, तो शनिवार. ते खाली बघत ऐकत होते. एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही.

"उस वक्त दर्द था उसे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. तेव्हा दुखत नव्हतं."

"अच्छा," ते म्हणाले.

मी वाट पाहत राहिले. ते रागावले असते तरी चाललं असतं, माफ केलं असतं तरी. त्यांनी दोन्ही केलं नाही. असरच्या नमाजाची वेळ झाली तसे उठले, टोपी नीट केली आणि मशिदीकडे गेले. मी चपला घालून रस्त्यावर आले. ऑटोवाल्यानं विचारलं, "कुठं जायचं, ताई?" मी होस्टेल सांगितलं; पंधरा मिनिटांचाच तर रस्ता होता.