दोन आडव्या फांद्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे पाटीवाला म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. लिफ्ट बिघडली की तो दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी अडकवायचा. ती कुणी काढली, की वरच्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत एकेकाची हजेरी घ्यायचा. पाटी काय भिंतीची शोभा म्हणून लावतो का मी, हे त्याचं ठरलेलं वाक्य. बावीस वर्षं हेच.

रविवार मात्र त्याचा एकट्याचा. जाड टायरांची सायकल घेऊन तो पहाटेच जंगलात शिरायचा. तिथे पाट्या सडतात, म्हणून सायकलवाल्यांचा एक साधा नियम होता. पुढे वाट मोडली असेल तर फाट्यावर दोन फांद्या फुलीसारख्या आडव्या टाकायच्या. फुली दिसली की मागे फिरायचं.

त्या रविवारी मोठ्या उताराच्या तोंडाशी फुली होती, आणि त्याने ती नीट पाहिली. कुणातरी रिकामटेकड्याचा उद्योग असेल, असं त्याने स्वतःला पटवलं. खरं कारण निराळंच होतं. आठवडाभर लिफ्टच्या अंधाऱ्या खोबणीत ग्रीस चोपडताना त्याने याच उताराची वाट पाहिली होती. त्याने पायाने फांद्या झुडपात लोटल्या आणि ब्रेक सोडले. झाडांच्या मुळांवरून हॅन्डल दणादणा उडत होतं, वारा कानात भरला होता, आणि पन्नाशीचा तो बाप्या चक्क हसत होता. वळणावर ओढ्याचा साकव आला, तर मधल्या दोन फळ्या गायब! दोन्ही ब्रेक आवळले, मागचं चाक फरफटलं, आणि हातभर अंतरावर सायकल थांबली.

मग त्याने सायकल खांद्यावर घेतली, गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडला आणि पलीकडच्या डांबरी रस्त्याने घर गाठलं. फांद्या परत लावायच्या तर अर्धा तास चढ चढावा लागला असता. संध्याकाळी जाऊन लावू, म्हणाला. संध्याकाळी त्याला झोप लागली.

सोमवारी सकाळी गल्लीच्या टोकाच्या शिंपीणबाई त्या साकवावरून पडल्या. दुकान उघडण्याआधी त्याही सायकलवर जंगलात एक फेरी मारायच्या. उजवं मनगट मोडलं. दुपारी बायकोने फोनवर हे सांगितलं, तेव्हा पाटीवाल्याने पाना तिथेच टाकला. तो तडक निघाला, पण बाईंकडे नाही, जंगलात. झुडपातल्या त्याच दोन फांद्या ओढून त्याने होत्या तशा आडव्या ठेवल्या. खरं शेण खाल्लं ते इथे.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक पाहायला गेला. मी शनिवारी लावलेली फुली जागच्या जागी आहे, बाईंनाच दिसली नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. झालं! बाईंची नजर गेली, असं गल्लीने ठरवून टाकलं. बाईंनीही ते मानलं.

आठ दिवस पाटीवाला मूग गिळून बसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, हे त्याला आरशात दिसायला लागलं. सहाव्या मजल्यावरच्या एका आजोबांनी पाटी काढली आणि बोलणी खायच्या तयारीने उभे राहिले, तर हा पुटपुटला, असू दे. घरी बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

नवव्या दिवशी बाईंनी त्याला बोलावणं धाडलं. मशीनवर चादर टाकलेली होती. कोपऱ्यात न शिवलेल्या कापडांची गाठोडी बांधून ठेवली होती, आणि आतल्या खोलीत त्यांची मुलगी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून कापड परत न्यायला सांगत होती. बाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला.

“सायकल तुम्ही घेऊन जा. तुम्ही नियमाने चालणारे. मशीनही काढून टाकते. हात जुळेल हो, पण डोळ्यांचं काय? एवढ्या दोन फांद्या दिसल्या नाहीत मला. उद्या कुणाच्या चांगल्या कापडावर भलतीकडेच कात्री चालवीन.”

पाटीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाई, फांद्या नव्हत्याच तिथे. आदल्या दिवशी मी काढल्या होत्या. तुम्ही पडल्यावर मीच परत लावल्या.”

आत मुलीचं फोनवर बोलणं चालूच होतं.

“काढल्यात ते समजू शकते,” बाई म्हणाल्या. “मोह होतो. पण परत का लावल्यात?”

याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं. बाईंनी डाव्या हाताने मशीनवरची चादर ओढून काढली आणि मुलीला हाक मारली.

“ते फोन थांबव आणि बाहेर ये. हे काय सांगतायत ते ऐक.”

मुलगी दारात येऊन उभी राहिली. पाटीवाला उठला आणि त्याने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.