जाड रोट्टी

आमच्या गुळेदगुड्डात द्यामव्वाचं नाव निघालं की लोक आधी हात जोडतात आणि ती वळली की तोंड वाकडं करतात. दोन्ही बरोबरच आहे. माझी पिठाची गिरणी तिच्या भिंतीला लागून, त्यामुळे दोन्ही मलाच ऐकावं लागतं.

तिचा नवरा मागावर खण विणायचा. माग बंद पडला, पाठोपाठ नवरा गेला. रडायला सवड नव्हती. ज्वारीची, महिनाभर टिकणारी, कागदासारखी पातळ कडक रोट्टी कशी थापायची ते गल्लीतल्या इरपव्वानं तिला शिकवलं आणि द्यामव्वानं ती विकायला सुरुवात केली. धंदा वाढला तसं तिनं घरामागे शेड घातली आणि ठरवलं, कामाला घ्यायची ती जिच्यामागे कोणी नाही अशीच बाई. विधवा, नवऱ्यानं टाकलेली, पोरांनी उंबऱ्याबाहेर काढलेली. मजुरी शनिवारी हातावर, एक शनिवार चुकला नाही.

एकदा स्वामीजींच्या मठातलं कोणी म्हणालं, "पुण्य करतेस बाई."

"पुण्य गेलं चुलीत," द्यामव्वा म्हणाली. "रोट्टी खपली तर बायका जेवतात. धंदा बुडाला की तुमचा मठ त्यांना पोसणार काय?"

अशी तिची जीभ. पण इतकी वर्षं तव्याशी खेळून तिच्या बोटांची कातडी मेली होती. पडलेला निखारा हातानं उचलून चुलीत टाकायची, चेहरा हलायचा नाही. पुढे ते बोटांपुरतं राहिलं नाही. सख्खा भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा ती पाकिटं बांधत होती. उरलेली बांधून झाल्यावर उठली.

"मल्लण्णा, मला काही वाटतच नाही बघ," ती एकदा मला म्हणाली. "वाटायला पाहिजे ना?"

मी गिरणीच्या जात्याला टाकी लावत बसलो.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला बेंगळुरूच्या व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. काही रोट्ट्या जाड निघाल्या होत्या. जाड रोट्टी आतून ओली राहते, बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या रोट्टीलाही बिघडवते. पुन्हा असं झालं तर व्यवहार बंद, असा निरोप होता. जाड कोणाच्या, हे शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. इरपव्वाही द्यामव्वाकडेच थापायला यायची आणि तिची मनगटं गेली होती. थापताना तिची रोट्टी आता हाताखाली फिरत नव्हती, नुसती बसत होती.

द्यामव्वानं सगळ्यांसमोर सांगितलं, "अव्वा, उद्यापासून तव्यापाशी बसू नको. पाकिटं बांध. मजुरी तीच."

इरपव्वानं हातावरचं पीठ झटकलं. "तुला थापायला शिकवलं ते पाकिटं बांधायला?"

"तुझ्या एकटीच्या हातांसाठी सगळ्यांच्या चुली विझवू?"

"नको विझवू. माझीच विझव."

म्हातारी गेली ती परत आली नाही. द्यामव्वा रिकाम्या तव्यावर स्वतः पाणी मारून पुढच्या बाईला म्हणाली, "तवा थंड होतोय, बस." मला त्या दिवशी तिचा संताप आला. बरोबर बोलत होती म्हणून जास्तच आला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे रोट्टी पंचमी. त्या दिवशी ह्या घरची रोट्टी त्या घरी जाते, सोबत भरली वांगी, मटकी, शेंगाचटणी. आलेलं ताट रिकामं परत धाडायचं नाही, आपल्या हातची रोट्टी त्यात घालायचीच. द्यामव्वानं बायकांना सुट्टी दिली होती, सगळा माल आदल्या दिवशीच गाडीत चढला होता. दिवसभर गल्लीत ताटं फिरली. तिच्या दारात एकही आलं नाही. माझ्या बायकोलाच विचारलं तर म्हणाली, "अहो, तिचा रोट्टीचाच धंदा, तिला काय कमी?" सगळ्या गल्लीनं हेच धरलं होतं.

संध्याकाळी आमच्याकडचं ताट मीच घेऊन गेलो. द्यामव्वा उंबऱ्यात बसली होती. "ठेव तिथं," एवढंच म्हणाली. तेवढ्यात काठी टेकत इरपव्वा आली. तिच्याही हातात ताट. वर एकच रोट्टी, तीळ लावलेली, जाड, कडेला करपलेली.

"घे. सण आहे म्हणून आले. ताट रिकामं देऊ नको म्हणजे झालं."

द्यामव्वा आत गेली. घरात विकायची एकही रोट्टी उरली नव्हती. चूल पेटवून तिनं पीठ मळलं. कितीतरी वर्षांत तिनं स्वतः थापली नव्हती, नुसती इतरांच्या हातांवर नजर ठेवली होती. पहिली फाटली. दुसरी तव्यावर टाकली ती एका बाजूला जाड, एका बाजूला भोक. तीच तिनं ताटात ठेवली.

इरपव्वानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि मला म्हणाली, "मल्लण्णा, हिलापण कामावरून काढायला पाहिजे बघ."

मला हसू आवरेना. द्यामव्वा हसली नाही. इरपव्वानं तिचा हात ओढून दिव्याजवळ धरला. अंगठ्याखाली हा मोठा फोड आला होता.

"हे कधी भाजलं?"

"कळलंच नाही, अव्वा."

"कळत नव्हतं म्हणूनच तर मला काढलंस."

म्हातारी फोडावर फुंकर घालत राहिली. द्यामव्वानं हात मागे घेतला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, मी नीट पाहिलं. मग ती कोरड्या आवाजात म्हणाली, "बसस्टँडच्या खानावळवाल्याला रोज ताजी रोट्टी पाहिजे आहे. ताजी खायची तर जाड चालते. उद्यापासून तुझा तवा वेगळा लावते."

"दया करतेस?"

"दया कसली? चांगला भाव घेणार आहे मी त्याच्याकडून."

"मग येते," इरपव्वा म्हणाली, आणि पुन्हा फुंकर घालायला तिनं हात पुढे केला.

"राहू दे," द्यामव्वा म्हणाली. "आता दुखतंय."