बाळसं

मी बुधीच्या पावलावर आंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतवावं तसा. पोर रडली नाही. पाय मागं घेतला नाही. तिच्या ओठावर माशी बसली होती, ती हाकलायलाही हात उठला नाही.

तिची आई, चांगुणा, माझ्या तोंडाकडं बघत होती. "वैनी, पोर सुजलीया का वो?"

"सुजलीया कशाची? बाळसं धरलंय तिनं. दूध अंगी लागलंय."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

त्या खड्ड्याचा अर्थ मला कळला नव्हता का? कळला होता. म्हणून तर सांगते आहे.

पवनेच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी चौथी पास. गावात तेव्हा तेवढी शिकलेली बाई मीच. म्हणून कामशेतच्या नर्सबाईंनी दुधाच्या पावडरीची पोती आमच्या घरी ठेवली — चुलीवरच्या माळ्यावर, कारण पावसाळ्यात पावडर दमटली की तिचा दगड होतो. डोंगरावर ठाकरवाडी होती, तिथल्या पोरांसाठी ती पावडर. पावसाळ्यात वाडीतलं धान्य संपायचं. मग कंद उकडायचे, पाला शिजवायचा.

दूध किती दाट कालवायचं ते नर्सबाईंनी मला दाखवलं होतं. आणि आंगठा दाबायला शिकवलं होतं. "फुगलेलं पोर जाडं झालं असं समजू नका. ती उपासाची सूज असते. खड्डा राहिला तर त्याच दिवशी मला निरोप धाडा, तळेगावच्या दवाखान्यात न्यावं लागतं." पुढं ओढे भरले आणि त्यांचं वर येणं थांबलं. पण निरोप जाऊ शकत होता. आमच्या दुधाच्या किटल्या त्या पावसातही कामशेत स्टेशनावरून लोणावळ्याला जातच होत्या की.

किटल्यांचंच सांगायचं आहे. आमची म्हैस व्याली होती, रेडी झाली होती. लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध कमी पडत होतं. सासूबाई म्हणाल्या, "रेडीला म्हशीचं दूध कशाला घालवायचं? माळ्यावर पावडर हाय की."

सासूवर ढकलत नाही. कोमट पाण्यात पावडर मी कालवली. गुठळ्या बोटांनी मी फोडल्या. बांबूच्या नळीनं रेडीला मी पाजलं — चांगलं दाट, नर्सबाईंनी दाखवलं होतं तसं.

आणि वाडीच्या पातेल्यात पाणी वाढवत गेले. कुणाला कळलं कसं नाही? कसं कळणार? ठाकरांच्या बायका ओट्याखाली उभ्या राहायच्या. त्यांच्या भांड्याला आपलं भांडं लागू द्यायचं नाही, वरून धार धरायची — तेव्हा सगळे असंच करत, मीही करत होते. वरून धार धरली की फेस येतो. पातळ दूध दाट दिसतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मग मी हात आणखी वर धरू लागले.

चांगुणा आमच्याच खाचरात लावणीला यायची. बुधीला बांधावर इरल्याखाली ठेवायची. आधी पोर चिखलात रांगत यायची, आईच्या लुगड्याला लोंबकळायची. मग बसून राहू लागली. मग नुसती पडून. केस तांबूस झाले, मक्याच्या शेंडीसारखे. तोंड मात्र गोल होत चाललं. मी रोज बघत होते, आणि रोज बांधाच्या दुसऱ्या टोकानं जात होते. त्या दिवशी चांगुणानंच पोर उचलून माझ्यापुढं आणली.

बाळसं म्हटल्यावर ती हसली. "माजी सासू म्हंती, नजर लागलीया."

"तुजी सासू काय डाक्टर हाय? नजर लागायला रूप तरी लागतंय गं!"

लावणीच्या बाया खिदळल्या. चांगुणाही खिदळली. एवढं ओझं उतरलं होतं तिच्या मनावरचं.

निरोप का नाही धाडला? नर्सबाईंनी पहिला प्रश्न हाच केला असता — दूध मिळत असताना पोर सुजली कशी? मग माळ्यावर चढून पोत्यात हात घातला असता. एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

पाऊस उघडला नाही. बुधी बांधावर दिसेनाशी झाली. मी विचारलं नाही. मग एका सकाळी चांगुणा आली, हातात भांडं नव्हतं. ओट्याखाली उभी राहिली. लुगडं निथळत होतं.

"वैनी, बाळसंच व्हतं न्हवं तिला?"

मी म्हटलं, "व्हय."

तिनं मान हलवली आणि लावणीला गेली. त्यानंतरही वर्षानुवर्षं आमच्या खाचरात येत राहिली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

त्या पावसाळ्यात माझ्या हातचं दूध दोघी प्यायल्या. रेडी जगली.