शोकांतिकेचा तास आणि शेजारचं दार

बायको गेली त्या वर्षी मी नेवाशाजवळच्या एका नव्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना शोकांतिका शिकवत होतो. शोकांतिका पाहताना प्रेक्षकाच्या मनात दोन भावना उठतात, भीती आणि करुणा, असं मी फळ्यावर लिहायचो आणि मुलं निमूट उतरवून घ्यायची. नाहक भोगणाऱ्याची करुणा येते. आणि तो आपल्यासारखाच असतो, म्हणजे हे उद्या आपल्यावरही येऊ शकतं, म्हणून भीती वाटते. पडदा पडला की दोन्ही भावनांचा निचरा होतो आणि प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. हे सगळं मी मोठ्या झोकात सांगायचो. प्रेक्षक घरी गेल्यावर स्टेजवरच्या माणसाने काय करायचं, हे एकाही विद्यार्थ्याने कधी विचारलं नाही. मलाही ते सुचलं नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. प्रवरेत नुसती वाळू, आणि अर्धा वर्ग खडी फोडायच्या कामावर. भिंतीला भिंत लागून माझा मित्र राहायचा, तो इतिहास शिकवायचा. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे येई आणि आम्ही प्राचार्यांपासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवत बसू. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, म्हणून त्याची आई गावाकडून येऊन राहिली होती. माझ्या बायकोलाही दिवस गेले होते. दोघी दुपारी ओट्यावर बसून टँकरची वाट पाहायच्या आणि एकमेकींच्या पोटाकडे बघून हसायच्या. आम्हा नवऱ्यांना त्यातलं काही कळायचं नाही.

माझी बायको बाळंतपणात गेली, नगरच्या दवाखान्यात. बाळही गेलं. याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही.

माणसं भेटायला आली. सतरंजीवर बसली, जमिनीकडे बघत राहिली, कुणी "वाईट झालं" म्हणालं, कुणी तेही म्हणालं नाही. मग एकेक जण उठला आणि न बोलता निघून गेला. आपल्याकडे दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत. म्हटलं तर त्या घरी पुन्हा अशाच कारणाने यावं लागतं, अशी समजूत. लहानपणापासून मीही ती पाळत आलो होतो, आणि तिच्यात काही खटकण्यासारखं आहे असं कधी वाटलं नव्हतं. आता मी सतरंजीच्या दुसऱ्या बाजूला होतो. करुणेने त्यांना दारापर्यंत आणलं होतं आणि भीती त्यांना मुकाट्याने बाहेर काढत होती. माझा सगळा धडा माझ्याच घरात चालला होता आणि मी प्रेक्षकांत नव्हतो.

मित्रही तसाच उठून घरी गेला. त्याचं मला काही वाटलं नाही, रीत ती रीत. पण तेरावा झाला, लोकांचं येणं थांबलं, आणि तोही आला नाही. संध्याकाळी त्याच्या चपलांचा आवाज माझ्या दारापाशी यायचा, जरा थबकायचा आणि पुढे जायचा. स्टाफरूममध्ये तो "काय, जेवलास का?" एवढं विचारी आणि लगेच वर्तमानपत्र उघडी. कारण मला कळत होतं, मी काही खुळा नव्हतो. त्याची बायको दिवस भरत आलेली, आणि शेजारी मी. आईने त्याला बजावलं असणार. सूनबाईला तर माझ्या दारावरून जायचीही बंदी होती. ती टँकरवर मागच्या बोळातून जायची. त्यांच्याइतकं माझ्यासारखं दुसरं कोण होतं? म्हणून त्यांचीच भीती सगळ्यांत मोठी होती.

कळत होतं, तरी मी जळत होतो. एवढा इतिहास शिकलेला माणूस, आणि आईच्या पदराआड लपतो! वर्गात पुन्हा तोच धडा आला. "भीती" हा शब्द उच्चारला तशा पुढच्या बाकावरच्या मुलींनी माना खाली घातल्या. मग मी तो धडा सोडून दिला आणि भलतंच काहीतरी शिकवलं. पुणतांब्याला माझा भाऊ शेती करायचा, तो म्हणत होता, ये इकडे. परीक्षा संपल्या की नोकरी सोडून जायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. एका माणसाने दार वाजवलं असतं तर मी थांबलो असतो. तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच मागता येत नव्हतं.

भिंतीपलीकडे मूल जन्मलं. सुखरूप. रडणं मला ऐकू यायचं. उशी कानावर धरून मी पडून राहायचो.

सव्वा महिना झाल्यावर मित्राची आई नातवाला घेऊन देवळात गेली. येताना ती तिच्या घरी न जाता माझ्या दारात थांबली. मी एकटाच होतो. "सर, ह्याला धरा जरा," ती म्हणाली, आणि ते गाठोडं माझ्यापुढे केलं.

दोन महिने मी ज्या भीतीला शिव्या देत होतो ती माझ्याच अंगावर आली. माझे हात पुढे होईनात. आपला हात लागला आणि या मुलाला काही झालं तर? मी मागे सरकलो. "नको," म्हणालो, "माझ्याकडे नको. तुम्ही जा."

ती गेली नाही. "आरं, मी बी लई भ्याले हुते," ती म्हणाली. "लेकाला मीच म्हनले, तिकडं जाऊ नको. त्याचं बी मन खातंय, पर यायाला तोंड न्हाई त्याला. ही भीती मीच घातलीय, मलाच काढाया पायजे. धर."

तोवर ती मला अहो-जाहो करायची. मी मूल घेतलं. ते गरम होतं, आणि मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड. माझं बाळ कसं असतं, हे तेव्हा मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. "च्या टाक की वाईच," म्हणाली. तेवढ्या दिवसांत त्या घरात कुणी काही मागितलं नव्हतं. मूल तिच्या मांडीवर देऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि स्टो पेटवला. त्या स्टोचा आवाज फार मोठा होता. मी पंप मारत राहिलो आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच रडलो. चहा उकळून निम्मा झाला तरी तिने बाहेरून हाक मारली नाही.