जिताडा कोणाचा
"तो जिताडा माझा आहे! माझ्या आजोबांनी धरलेला आहे!"

मी दारात उभी राहून ओरडत होते. आवाज असा लागला की पलीकडे खिचडी ढवळणाऱ्या मावशींचा कालथा जागच्या जागी थांबला आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रक क्षणभर हॉर्न वाजवायचे विसरले. खोलीत दोघीच होत्या. एक आमच्या शाळेत येणारी विशेष शिक्षिका, दुसरी माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलगी. मुलीने हातातला कागद झटकन छातीशी धरला.

ओरडण्याचं कारण सांगते, म्हणजे माझीच बाजू बरोबर होती हे तुम्हाला पटेल.

पनवेलमधल्या आमच्या शाळेत जिन्याखालची अडगळ उपसून ही खोली केली. दारावर पाटी लावली, 'संसाधन कक्ष'. ज्यांना वाचताना अक्षरं उलटीपालटी दिसतात, ज्यांचे आकडे जागा सोडून पळतात, ती मुलं आठवड्यातून दोनदा तासभर तिथे जायची. शिकवणारी माझ्या निम्म्या वयाची. बोलणं इतकं हळू की डासानेही कान टवकारावेत. मला मुलं 'बाई' म्हणतात, तिला 'ताई'. माझं पित्त खवळलं ते इथून. तिच्याकडे परातीत रवा पसरलेला, त्यात बोटाने 'क' गिरवायचा. माझ्याकडे काय, तर फळा आणि मी! तिचा वार असला की माझा अख्खा वर्ग खिडकीला वटवाघळासारखा लोंबायचा. एकदा तर आमचा पहिला नंबरवाला येऊन म्हणाला, "बाई, मला पण कालपासून वाचता येत नाही."

तेही मी गिळलं असतं. पण ही मुलगी गिळवेना.

मोरा बंदराकडच्या कोळ्यांच्या घरातली ती. बाप बोटीवर, आई पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसते. पोरगी बोलायला लागली की सगळा मासळी बाजार मुका वाटावा, पण पुस्तक उघडलं की ओठ शिवल्यासारखे. दुसरीपासून माझ्याच वर्गात. तिच्यासाठी मी आकाशपाताळ एक केलं, घसा असा खरवडला की त्यात भात लावता आला असता. तिचं पहिलं वाचलेलं वाक्य माझ्या कानावर पडावं, एवढीच माझी इच्छा. आणि त्या मंगळवारी खडू संपल्याचं निमित्त करून (पदराआड खडू होता) त्या दारावरून जाते तर काय, ती वाचतेय! वाक्यामागून वाक्य! दुसऱ्या कुणाच्या तरी कानात! आणि वाचतेय काय, तर माझी गोष्ट!

ही गोष्ट माझ्या वर्गात मीच सांगते. माझ्या आजोबांनी उलव्याच्या खाडीत जिताडा गळाला लावला. जिताडा म्हणजे आमच्याकडे जावयापेक्षा जास्त मान असलेला मासा. एवढा थोरला की शेपटी हलवली तर मोऱ्याच्या धक्क्यावरच्या लाँचा पाळण्यासारख्या डुलायच्या. गळ तोडून तो पळाला, नाल्यानाल्याने कळंबोलीला पोचला, लोखंड बाजारात सळयांची भरलेली गाडी गिळून बसला. शेवटी आजोबांनी लोहचुंबक लावून त्याला घरी ओढत आणला. अक्षर न् अक्षर खरं आहे.

"अगं, हे वाचन नाही, पाठांतर आहे!" मी ताईला म्हणाले. "माझ्याकडून शंभरदा ऐकलंय तिनं. कागद उलटा धरला तरी घडाघडा म्हणेल."

"तिनं सांगितली, मी तिच्याच शब्दांत लिहून घेतली," ताई म्हणाली. "आपलंच बोलणं समोर असलं की मुलांना वाचायला धीर येतो. बसा ना, बाई."

"तिच्याच शब्दांत म्हणजे?"

मी कागदावर डोकावले. 'जिताडा लय मोटा व्हता. त्यो कुनाला भ्याला नाय.' शाळेत, पांढऱ्यावर काळं करून, 'नाय'! जे मी तिच्या तोंडातून चिमट्याने एकेक काढत होते, ते हिने ठळक अक्षरात मांडून ठेवलेलं.

बसले. खुर्ची पहिलीतल्या पोरांची. अर्धी मी खुर्चीवर मावले, उरलेली अर्धी पनवेल शहराने सांभाळली. मनात बेत पक्का होता. ही पाठ म्हणतेय हे आत्ताच्या आत्ता उघडं पाडायचं आणि ताईचं तोंड कसं होतं ते डोळे भरून बघायचं.

"वाच गं माझी बाय," मी साखर पेरली.

कागद छातीवरून सुटायलाच वेळ लागला. मग तिने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. "जि... ताडा... कलंबोलीला... ग्येला." खाडीच्या चिखलातून पाय उपसावा तसा एकेक शब्द. "तितं त्यानं... स... सल्या..."

बोट अडलं. मी संधी साधली. मदतच करतेय अशा मऊ आवाजात पुढचं सरकवलं, "सळया गिळल्या, आणि वर एक क्रेनपण गिळली!"

क्रेन मी तिथल्या तिथे जन्माला घातली होती. ऐकीव म्हणणारी असती तर क्रेनही म्हणाली असती. माझ्या वर्गात मी जे म्हणेन ते सगळी तोंडं म्हणतात, सूर्य खाडीत उगवतो म्हटलं तरी.

ताईने श्वास धरून ठेवलाय हे मला दिसत होतं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं. मुलीचं बोट ओळीवरून सरकत टोकापर्यंत गेलं, खालच्या ओळीवर उतरलं, तीही संपवली, पुन्हा वर आलं.

मग माझ्याकडे न बघताच ती म्हणाली,

"क्रेन नाय हितं."