कड्याखालचे चार शब्द

बाई रेंजर होत्या आणि मी त्यांच्या जीपवर ड्रायव्हर. अकरा वर्षं एका गाडीत बसल्यावर माणूस किती बोलतो यापेक्षा कधी गप्प बसतो ते जास्त कळतं. बाई एकदा तीन आठवडे गप्प बसल्या होत्या. ही त्याचीच हकिकत.

राष्ट्रीय उद्यानातला रेंजर म्हणजे प्राणी दाखवणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. बाईंनी कुणाला प्राणी दाखवल्याचं मला आठवत नाही. त्यांचा दिवस माणसांतच जायचा. तंबूच्या जागेवर पिऊन मारामारी झाली, बोलवा बाईंना. कुणाच्या डिकीत हरणाचं मांस सापडलं, पंचनामा बाई करणार. कुणाला साप चावला, कुणी वाट चुकलं, कुणी जगण्याला कंटाळून मुद्दामच आत शिरलं, तरी बाईच. कमरेला एका बाजूला बेड्या, दुसऱ्या बाजूला प्रथमोपचाराची पिशवी. त्या म्हणायच्या, आधी कुठे हात घालायचा ते समोरच्याचा चेहरा बघून ठरवावं लागतं.

त्यांचे वडील लाकडाच्या वखारीत करवत चालवायचे. मुलगी वनखात्यात लागली तेव्हा ते म्हणाले होते, आता घरातल्या खुर्चीवर बसायचं तरी लाकडाची पावती दाखवावी लागणार. नवरा शिंपी. बाईंचा गणवेश तोच शिवायचा आणि दरवर्षी एखादा खिसा वाढवायचा, कारण दरवर्षी बाईंकडे ठेवायला काहीतरी नवीन असायचं: चिमटा, शिट्टी, मेलेल्या माणसाचं घड्याळ घालायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.

ती दुपार वाऱ्याची होती. पावणेचारला तिकीट खिडकीवरून वायरलेसवर निरोप आला, की धबधब्याच्या कड्यावरून एक बाई पडली आहे, तिचा नवरा धावत खाली सांगायला आला आहे. आम्ही त्याला वाटेतच गाडीत घेतलं. चाळिशीचा, करड्या स्वेटरमधला, सभ्य दिसणारा गृहस्थ. श्वास लागला होता. फोटो काढताना तिचा पाय सरकला, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

कठड्याच्या पलीकडे कड्याला पाच-सहा पावलांची मातीची पट्टी आहे. बाईंनी वाकून खाली पाहिलं. पंचवीस मीटरवर खडकाचा एक टप्पा होता, त्यावर झुडपात लाल ओढणी दिसत होती आणि ओढणीजवळचा हात हलत होता. बस. मग कुणी काही विचार केला नाही. मी आणि दोघे वनरक्षक त्या पट्टीवर पळत सुटलो. दोर झाडाला बांधला, पट्टे चढवले, माती तुडवून तुडवून सपाट केली. सात मिनिटांत बाई कड्याखाली उतरल्या होत्या.

स्ट्रेचर दुसऱ्या चौकीवर होतं. ते यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ बाई त्या टप्प्यावर तिच्याजवळ बसून होत्या. बाजूला धबधब्याचा आवाज एवढा, की वायरलेसवर त्यांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. "जिवंत आहे," एवढं स्पष्ट आलं.

माझ्या हातात दोर होता, त्यामुळे मी हलू शकत नव्हतो. नवरा जीपच्या चाकाला टेकून बसला होता. मी एका वनरक्षकाला सांगून त्याच्या अंगावर माझं ब्लँकेट टाकायला लावलं. त्या चाळीस मिनिटांत त्याने मला तीनदा विचारलं, "ती बोलतेय का?" मी तीनदा सांगितलं, माहीत नाही. ती वाचेल का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. पण हे माझ्या लक्षात आलं ते फार नंतर. तेव्हा मला वाटलं, घाबरलेला माणूस आहे, शब्द सुचत नसतील.

स्ट्रेचर खाली पोचायच्या आत ती गेली.

बाई वर आल्या तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत रक्ताने भरल्या होत्या. त्या सरळ त्या गृहस्थापाशी गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्याचा हात हातात घेतला. अशा वेळी नातेवाइकांना धरून ठेवायला काहीतरी द्यावं, अशी त्यांची पद्धत होती.

"थोडा वेळ शुद्धीत होत्या," त्या म्हणाल्या. "तुमचीच काळजी होती हो शेवटपर्यंत. मला म्हणाल्या, त्याला येऊ देऊ नका."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला. मीही डोळे पुसले, हे कबूल करायला हवं. ही घसरड्या कड्यावर मरतेय आणि जीव नवऱ्यात अडकलाय, तो वाचवायला उतरेल आणि पडेल म्हणून. संध्याकाळी ऑफिसात बसून बाईंनी अहवाल लिहिला. त्यात एक ओळ अशी होती: मृत्यूपूर्वी जखमी महिलेने पतीच्या सुरक्षिततेबद्दल काळजी व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांपुढे नवऱ्याचा जबाब झाला. त्यातही ते आलं, की मी खाली उतरणार होतो, पण तिला तेसुद्धा नको होतं.

तिसऱ्या दिवशी तिची थोरली बहीण आली. मयताच्या वस्तू पंचनामा करून आमच्या कपाटात ठेवल्या होत्या. बहीण वस्तूंना हात न लावता खुर्चीत बसली आणि तिने विचारलं, शेवटी काही बोलली का. बाईंनी नवऱ्याला सांगितलं होतं तेच, तसंच मायेने सांगितलं.

बहीण खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "नक्की हेच शब्द?"

"हेच."

"दोन महिने ती माझ्याकडे येऊन राहिली होती. तिसऱ्या मजल्यावर. बेल वाजली की स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहायची आणि आम्हाला हेच म्हणायची. त्याला येऊ देऊ नका."

ऑफिसात आम्ही चौघं होतो. कुणी कुणाकडे बघितलं नाही. बाईंनी कपाटातून अहवालाची प्रत काढली, ती ओळ वाचली आणि कागद तसाच टेबलावर उलटा ठेवला. बहिणीने पुढे सांगितलं ते मोजकंच होतं. तो येऊन पाया पडला होता, बदललो म्हणाला होता, चार दिवस कुठेतरी मोकळ्या हवेत जाऊन येऊ म्हणाला होता. बहिणीने तिला नको जाऊ म्हटलं होतं, पण फारसा आग्रह धरला नव्हता. नवराबायकोच्या मध्ये किती पडायचं, असं तिला वाटलं होतं.

त्याच दिवशी बाई कड्यावर गेल्या. मातीच्या पट्टीवर आमच्याच बुटांचे ठसे होते, एकावर एक. ती पडली तिथे काही घसरल्याची खूण होती का, दोन माणसांची पावलं होती का, हे आता कुणालाही कळणार नव्हतं. बाई तिथे उकिडव्या बसून राहिल्या. मी म्हटलं, "हात हलत होता बाई. आपण काय मोजमाप घेत बसायचं होतं का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांचे ते तीन आठवडे तिथून सुरू झाले.

गाडीत गप्प राहिल्या, पण बसून राहिल्या नाहीत. पोलिसांकडे स्वतः जाऊन पुरवणी जबाब दिला. वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, की आधीचा अहवाल चुकला असं स्वतःच्या हाताने लिहून देताय, याने तुमचंच नुकसान होईल. बाई म्हणाल्या, चुकलाच आहे. त्या दिवशी उद्यानात आलेल्या सगळ्यांची नावं गेटवरच्या वहीतून काढून त्यांनी एकेकाला फोन केले. एक म्हातारं जोडपं सापडलं. त्यांनी कठड्यापाशी चढ्या आवाजातलं बोलणं ऐकलं होतं. काय बोलणं ते सांगता येईना. नवऱ्याला अटक झाली, पुढे जामीन झाला आणि अडीच वर्षांनी खटला उभा राहिला.

माझी साक्ष पाच मिनिटांत संपली. ती बोलतेय का, असं त्याने तीनदा विचारल्याचं मी सांगितलं. त्याच्या वकिलाने हसून विचारलं, की बायको बोलतेय का हे विचारणं गुन्हा आहे का. मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाईंना मात्र वकिलाने दीड तास उभं ठेवलं. आवाज चढवला नाही, अगदी अदबीने बोलत होता. आधी मातीबद्दल विचारलं. तुम्ही पोचलात तेव्हा पट्टीवर कुणाच्या पावलांच्या खुणा होत्या? बाई म्हणाल्या, मी पाहिल्या नाहीत, मी धावले. मग धबधब्याच्या आवाजाबद्दल. मग त्याने तो अहवाल काढला.

"ही सही तुमची?"

"हो."

"घटनेनंतर चार तासांत लिहिलाय. तेव्हा आठवण ताजी होती. तुम्ही लिहिलंय, पतीच्या सुरक्षिततेबद्दल काळजी. तीन दिवसांनी मयताची बहीण भेटल्यावर तुम्हाला त्याच शब्दांचा वेगळा अर्थ लागला. बरोबर?"

"ती जे बोलली ते मी लिहायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मी मला जे वाटलं ते लिहिलं."

"म्हणजे तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतंय," वकील म्हणाला आणि खाली बसला.

तो सुटला. संशयाचा फायदा. निकालाच्या दिवशी त्याने करडा स्वेटर नाही, पांढरा शर्ट घातला होता. बाहेर पायऱ्यांवर त्याने बाईंना बघितलं आणि मान लववली, जुन्या ओळखीच्या माणसाला लववतात तशी. बाईंचा हात कमरेकडे गेला. तिथे काहीच नव्हतं, कोर्टात येताना पट्टा काढून ठेवला होता.

पुढच्या रविवारी बाई मला म्हणाल्या, गाडी काढ, बहिणीकडे जायचंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. लहानसं घर, दाराला आतून दोन कड्या, एक नवी. बहिणीने पाणी दिलं. बाईंनी माफी मागितली, अगदी साध्या शब्दांत: मी तुमच्या बहिणीचं बोलणं त्याच्या हातात नेऊन दिलं, आणि कागदावर चुकीचं उतरवलं.

बहीण म्हणाली, "ती चाळीस मिनिटं मला सांगा. वाटलं ते नको. झालं ते."

मग बाईंनी सांगितलं. मी दाराशी उभा राहून ऐकलं, कारण तेव्हापर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. ती थंडी वाजते म्हणत होती. तिने पाणी मागितलं, बाईंनी ओठ ओले केले. एक पाय हलत नव्हता, ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. वर दोर हलला की तिचे डोळे वर जायचे आणि ती बाईंची बाही घट्ट धरायची. दोनदा म्हणाली, त्याला येऊ देऊ नका. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, नाही येऊ देत, मी आहे ना. दुसऱ्यांदा असं म्हटल्यावर तिची पकड सैल झाली. त्यानंतर ती दहा मिनिटं होती आणि शांत होती.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. "म्हणजे तुम्ही ऐकलंत, असं तिला वाटलं होतं," ती म्हणाली. मग पाण्याचे पेले उचलत म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माझा. पण तुम्हाला बघितलं की मी तिला जाऊ दिलं तो दिवस समोर येतो. आता आपण भेटायला नको."

बाई उठल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. कड्यावरून सरसर उतरणारी बाई, तीन मजले उतरायला तिला बराच वेळ लागला.

त्यानंतर बाईंनी चार वर्षं नोकरी केली. नव्याने लागलेल्या वनरक्षकांना त्या पहिल्याच दिवशी छोटी वही द्यायच्या आणि सांगायच्या, जखमी माणूस बोलला ते जसंच्या तसं उतरवा, अर्धवट असलं तर अर्धवट. आणि जवळच्या माणसाला सांत्वन म्हणून काही सांगायचं असेल तर आधी मला विचारा. पोरं मागे हसायची, बाई फार कडक आहेत म्हणायची. मी त्यांना कधी कारण सांगितलं नाही.

त्या चार वर्षांत त्याच कड्याखाली बाई आणखी सहा वेळा उतरल्या. दोघं जिवंत वर आली. त्यांतली एक कॉलेजातली मुलगी होती, मांडी मोडलेली. स्ट्रेचर वर आलं तेव्हा ती आईला बोलवा म्हणून ओरडत होती. आई कठड्याशी, गर्दी अडवायला बांधलेल्या दोराच्या पलीकडे उभी होती. बाईंनी आधी मुलीच्या कानाशी वाकून विचारलं, आईला जवळ येऊ देऊ का. मुलगी हो म्हणाली. मग बाईंनी मला हात केला, आणि मी त्या आईला दोराच्या अलीकडे सोडलं.